‘डिक्शनरी’तली रोटी

१६ जानेवारी

नातीच्या पूर्वपरीक्षेचे पेपर आजपासून हातात मिळायला लागले. इंग्रजीत ऐंशीपैकी साडेएकसष्ट. मिळालेल्या एकसष्टाबद्दल ती चकार शब्द बोलली नाही; गेलेल्या अर्ध्या मार्काबद्दल मात्र दारात चपला काढल्यापासून तोंडाचा पट्टा सुरू.

दहावीच्या इंग्रजीत पहिलाच प्रश्न भाषाभ्यासाचा असतो. आठ मार्कांचा, सहातले चार सोडवायचे, प्रत्येकी दोन मार्क. त्यातला एक ठरलेला : दिलेल्या शब्दातली अक्षरं वापरून कमीत कमी तीन अक्षरांचे चार शब्द करा. म्हणजे शब्दाला अर्धा मार्क. दिलेला शब्द होता ‘डिक्शनरी’. हिने लिहिलं : रोड, सिटी, ट्रेन, रोटी. पहिल्या तिघांवर बरोबरची खूण. रोटीवर लाल फुली आणि शेजारी शेरा, ‘हिंदी शब्द’.

“आबा, तुम्हीच बघा. आर आहे, ओ आहे, टी आहे, आय तर दोन-दोन आहेत!”

अक्षरांबद्दल वाद नव्हताच. मी कपाटावरचा जाडा इंग्रजी कोश काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि आर-ओचं पान उघडलं. रोटी होती तिथं, अर्थासकट. म्हटलं, उद्या हा कोश घेऊन शाळेत येतो. “अजिबात यायचं नाही,” पोरगी ओरडली. स्वयंपाकघरातून सूनबाई म्हणाली, “अर्ध्या मार्कासाठी आबांना कशाला पाठवतेस?” “मी कुठं पाठवतेय, तेच निघालेत!”

नाही गेलो. कोश मात्र खालीच ठेवला.

१७ जानेवारी

रात्री झोप लागेना. डोळे मिटले की दहा अक्षरं समोर. डी, आय, सी, टी, आय, ओ, एन, ए, आर, वाय. पोरीचं चार शब्दांवर भागलं, माझं कसं भागावं? बुधवार पेठेतल्या छापखान्यात माझी चाळीस वर्षं खिळे जुळवण्यात गेली. आधी मराठी, मग इंग्रजीचा माणूस सोडून गेला म्हणून इंग्रजी. त्या भाषेत मला नीट बोलता आजही येत नाही. पण तिची अक्षरं माझ्या बोटांच्या ओळखीची आहेत.

पहाटेपर्यंत एकतीस शब्द झाले. त्यात हीसुद्धा आली, जिच्यात मी हे लिहितोय ती : डायरी. आणि तिला लागूनच डेअरी. तीच पाच अक्षरं. फक्त आय आणि ए यांनी जागा बदलायच्या. ही अदलाबदल माझ्या चांगली लक्षात आहे. एका दूधवाल्याच्या लेटरहेडवर ‘डेअरी’ची ‘डायरी’ माझ्याच हातून झाली होती. पाचशे कागद रद्दीत. मालकांनी पगारातून कापले नाहीत, पण पुढे महिनाभर मला ‘या, रोजनिशीकार’ म्हणून हाक मारत.

शब्द कसे सापडतात ते पोरीला सांगायला हवं म्हणून इथं मांडून ठेवतो. अक्षरांकडे नुसतं टक लावून बसलं की काही दिसत नाही, कारण डोळा पुन्हा पुन्हा ‘डिक्शनरी’च वाचतो. म्हणून आधी ती रांग मोडायची. अक्षरं गोल मांडायची, नाहीतर विस्कटून टाकायची. मग शेपटं शोधायची. इंग्रजी शब्दांची शेपटं मोजकी, तीच ती परत येतात : आय-ओ-एन, आय-टी-वाय, ओ-आर. शेपूट बाजूला काढलं की उरलेल्या अक्षरांत डोकं सापडतं. ‘ॲक्शन’ असा सापडला, ‘रेशो’ नाही सापडला. वाय हाताला लागला की तो बहुतेक शेवटीच बसतो : टायडी, डर्टी, डेंटी, नोटरी. सुरुवातीला आर कुणाच्या तरी मागे उभा राहतो, टीच्या, डीच्या नाहीतर सीच्या : ट्रे, ड्राय, क्रेयॉन. शेवटी एन पुढे आणि टी किंवा डी मागे.

एक गोष्ट उशिरा ध्यानात आली. या शब्दात ई नाही! इंग्रजी खिळ्यांच्या केसमध्ये सगळ्यात मोठं घर ईचं, अगदी हाताखाली, कारण दर दोन शब्दांआड तो लागतो. तेच घर रिकामं ठेवून खेळायचं. त्यात एसही नाही, म्हणजे अनेकवचनाची सोयही गेली. एवढी अडचण असूनही हा शब्द इतका लेकुरवाळा, याचं नवल वाटलं.

१८ जानेवारी

माळ्यावरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. ऑफसेट आलं तेव्हा छापखान्यातले खिळे शिसं म्हणून किलोवर विकले गेले. मी मालकांना विचारून दोन मुठी घरी आणले होते, चोवीस पॉइंटचे. शिसं, अँटिमनी आणि कथील यांची ही मिसळ. दिसायला एवढीशी, पण डबा उचलताना मनगटाला कळते.

‘डिक्शनरी’ची दहाही अक्षरं निघाली. पैकी एका आयच्या डोक्यावरचा ठिपका उडालेला. “टक्कल पडलेला आय,” नात म्हणाली. खिळे जुळवायची स्टिक घरी कुठली असायला. तिची फूटपट्टी टेबलावर आडवी धरून तिच्या कडेला खिळे लावले, खाच वरच्या बाजूला.

“हे काय? पहिलं अक्षर क्यू आहे.”

“डी आहे तो.”

“आणि हा यू?”

“एन.”

खिळ्यावरचं अक्षर आरशातलं असतं, आणि जुळवणारा ओळ उलटी धरून डावीकडून वाचतो. त्यामुळे डीचा क्यू दिसतो, बीचा पी, एनचा यू. शिकाऊ पोरांची पहिले सहा महिने याच चौघा-पाचांशी मारामारी चालायची. नातीने फोनने फोटो काढला, पडद्यावर उलटा केला, सुलटा केला आणि दोन मिनिटांत तिला ते वाचता यायला लागलं. मला सहा महिने लागले होते, हे मी सांगितलं नाही.

मग खिळे सरकवत बसलो. कागदावर शब्द शोधणं आणि खिळे सरकवत शोधणं यात फार फरक आहे. वापरलेलं अक्षर हातातून जातं, ते चुकून दुसऱ्यांदा वापरता येत नाही. पोरीने ‘टायटन’ करायला घेतला आणि दुसरा टी शोधत राहिली. “नाहीये,” म्हटलं. “संपला.” आय मात्र दोन, म्हणून तिला ‘इडियट’ मिळाला. तो तिला इतका आवडला की जेवेपर्यंत टेबलावर तसाच उभा होता. ताटं घेऊन आलेल्या हिने, म्हणजे माझ्या बायकोने, विचारलं, “हे कुणासाठी लिहून ठेवलंय?”

२१ जानेवारी

दुपारी एकटाच होतो. डी, ए, सी असे तीन हाताला लागले. पुढे ओ, आय, टी ठेवले आणि थबकलो. डेकॉइट! वाय शेवटी लावला : डेकॉइटी. सात अक्षरं.

हा शब्द मी शाळेत शिकलो नाही, कुठल्या पुस्तकात वाचला नाही. कोर्टाच्या कामांचे कागद आमच्याकडे छापायला यायचे, त्यांत जुळवला. कायद्यात पाच किंवा जास्त माणसं मिळून जबरी चोरी करतात तेव्हा तिला डेकॉइटी म्हणतात. चारांनी केली तर नुसती रॉबरी. हे मला एका वकिलांच्या कारकुनाने प्रूफ तपासता तपासता सांगितलं होतं. आपल्या डाकूंनी इंग्रजांना इतकं पळवलं, की त्यांना कायद्यात आणि कोशात दोन्हीकडे जागा द्यावी लागली.

म्हणजे ‘डिक्शनरी’च्या पोटात रोटी आहे, राणी आहे, आणि तिच्या दारात दरोडाही. कोश काढून तिन्ही बघितले. तिन्ही आहेत. शेजारी पेन्सिलीने बारीक खूण केली. पुस्तकावर लिहायचं नाही, असं मीच पोरीला दर वर्षी सांगतो.

२६ जानेवारी

सुट्टी, सगळे घरी. नात झेंडावंदन करून आली ती खिळ्यांचा डबा घेऊनच बसली. सूनबाईने कणीक मळता मळता दोन शब्द टाकले, ‘कॅंडी’ आणि ‘कार्टन’. ती औषधांच्या कंपनीत पॅकिंगच्या विभागात आहे. कार्टन तिच्या तोंडात दिवसातून शंभरदा येतो.

ही लांबून ऐकत होती. हिचं शिक्षण मराठी सातवी. अचानक म्हणाली, “रेशन बसतं का हो त्यात?”

मी स्पेलिंग मनात मोजलं. आर, ए, टी, आय, ओ, एन. बसतं! एवढे दिवस मी या अक्षरांशी खेळतोय आणि रेशन मला सापडलं नव्हतं. महिन्याच्या महिन्याला रांगेत मी कधी उभा नव्हतो, ती उभी होती. ते लाल पिवळं कार्ड तिच्या पिशवीत असायचं, त्यावरची इंग्रजी अक्षरं तिने रांगेत उभ्या-उभ्या किती वेळा पाहिली असतील. खिळे मी तिच्याच हातात दिले. उलटी अक्षरं लावायला तिला वेळ लागला, पण एन तिने पहिल्याच फटक्यात बरोबर उचलला. “यू दिसतो तो एन, असंच ना?” पोरीला शिकवत होतो तेव्हा ऐकलं असणार.

मुलाने फोनवर कुठं तरी दहा अक्षरं टाकली आणि क्षणात शेकडो शब्दांची यादी समोर आली. “आबा, दहाच्या दहा अक्षरं वापरून अजून एक शब्द होतो. सांगू?”

“नको.”

“एकच आहे.”

“म्हणूनच नको.”

२७ जानेवारी

चिडून ‘नको’ म्हटलं खरं, पण रात्रभर विचार केला की फोनने हे केलं कसं. सकाळी मुलाला चहावर विचारलं. तो हिंजवडीला कॉम्प्युटरमध्ये आहे. त्याला समजावून सांगायला आवडतं, ऐकायला कुणी नसतं.

म्हणाला, सोपं आहे. शब्दातली अक्षरं आधी एबीसीडीच्या क्रमाने लावायची. ‘डिक्शनरी’चं होतं : ए, सी, डी, आय, आय, एन, ओ, आर, टी, वाय. कोशातल्या प्रत्येक शब्दाची अशीच रांग करून ठेवायची. ज्यांची रांग सारखी, ते एकमेकांचे भाऊ. आणि लहान शब्द हवे असतील तर नुसतं मोजायचं. शब्दाला एन किती लागतात, आपल्याकडे किती आहेत, पुरतात का.

मी म्हटलं, “अरे, हे तर खिळे सोडणं झालं!”

छापून झालेला मजकूर आम्ही सुटा करून प्रत्येक खिळा ज्याच्या त्याच्या घरात परत टाकायचो. एकदा सगळे घरोघर गेले की मूळ मजकूर लग्नपत्रिका होता की मयताचा कागद, केसला काही माहीत नसतं. तिच्यापाशी फक्त हिशेब : ए इतके, बी इतके. आणि नवं काम घेताना मालक विचारायचे तेही हेच, “खिळे पुरतील का?” एकदा एका इंग्रजी स्मरणिकेत जाहिरातदारांची नावं जुळवताना के संपले, तर शेजारच्या छापखान्यातून वाटीभर उसने आणले होते.

मुलगा हसला. “बरोबर. कॉम्प्युटरला शब्द कळतच नाही. त्याला घरं कळतात.”

३ फेब्रुवारी

सूनबाईच्या माहेरून आलेला स्क्रॅबलचा जुना डबा सापडला. शंभर सोंगट्या असायला हव्यात, सत्त्याण्णव निघाल्या. ई बारा. ए आणि आय नऊ-नऊ, ओ आठ. एस फक्त चारच. नाहीतर जो तो दुसऱ्याच्या शब्दाला एस चिकटवून मार्क लाटेल.

हा खेळ काढला आल्फ्रेड बट्स नावाच्या न्यूयॉर्ककडच्या वास्तुविशारदाने. १९३०च्या दशकातली महामंदी, हातचं काम गेलेलं. घरी बसून त्याने वर्तमानपत्राच्या पानांवर कुठलं अक्षर किती वेळा येतं ते मोजलं आणि त्यावरून सोंगट्यांची संख्या नि मार्क ठरवले. हे वाचल्यापासून मला त्याच्याबद्दल माया वाटते, आणि जरा हसूही येतं. कुठल्याही छापखान्यात येऊन केसमधली घरं पाहिली असती तर त्याचे डोळे वाचले असते. मोर्सची मंडळी शहाणी. त्यांनी तारेच्या खुणा ठरवताना छापखान्यातल्या खिळ्यांच्या संख्येचाच आधार घेतला. म्हणून ई म्हणजे नुसता एक ठिपका.

स्क्रॅबलच्या हिशेबाने रोटीला चार मार्क. शाळेत शून्य. डेकॉइटीला तेरा, आणि सातही सोंगट्या एकदम खाली ठेवल्या म्हणून वर पन्नास : त्रेसष्ट! दरोड्यात तेवढं मिळायचंच.

६ फेब्रुवारी

नातीला आता नादच लागला. कोशात शिरलेले आपले शब्द घ्यायचे आणि त्यांची अक्षरं हलवून दुसरा शब्द करायचा. अभ्यास सोडून हे चाललंय म्हणून सूनबाईने माझ्याकडे पाहिलं. मी पेपरात डोकं घातलं.

आजची कमाई : ‘मसाला’ हलवला की ‘सलाम’. दोन्हीत तीन-तीन ए. ‘रुपी’ हलवला की ‘प्युरी’, म्हणजे टोमॅटोची. ‘क्रोर’ हलवला की ‘कोरर’, सफरचंदाचा गाभा काढायचं हत्यार. ‘पैसे’ची ‘सेपिया’ होते, जुन्या फोटोंचा तो तपकिरी रंग. ‘रायता’ हलवून ‘टिआरा’, म्हणजे राजकन्येच्या डोक्यावरचा मुकुट. यावर ती इतकी हसली की पाणी नाकात गेलं. ‘रोटी’चा ‘रायट’. ही म्हणाली, “मग बरोबरच फुली मारली बाईंनी.”

आणि थाळी हलवली की लाठी. हे मात्र पोरीचं एकटीचं, मी मदत केली नाही.

मुंगूसही घेतलं. इंग्रजीत ते आपल्या मराठीतून गेलं, एवढं मला ठाऊक होतं. पण त्यात तीन ओ आहेत, ते काही हलायला तयार नाही.

११ फेब्रुवारी

मराठीत हे जमेल का म्हणून दुपार घालवली. तीन अक्षरी, काना-मात्रा नसलेले शब्द धरले तर जमतं. कमलचं कलम, गरमचं मगर, नवसचं वसन. चिमा काय कामाची, हे उलट वाचलं तरी तेच, हे तर पोरंसोरंही म्हणतात. पण जरा मोठा शब्द घेतला की गाडी अडते. ‘डिक्शनरी’ देवनागरीत लिहिली की चारच अक्षरं : डि, क्श, न, री. त्यांचं काय करणार, कपाळ?

आपला स्वर व्यंजनाच्या अंगाला शिवलेला. पहिली वेलांटी डला चिकटली ती चिकटली, ती काढून नला लावता येत नाही. मराठी जुळवताना ‘कि’ आणि ‘की’ असे वेगवेगळे खिळे उचलायचो, म्हणून तर मराठी केसचा पसारा इंग्रजीच्या कितीतरी पट, आणि मराठी कंपोझिटरच्या पायांना आराम नाही. इंग्रजीचे स्वर सुटे, पगारी नोकरासारखे. आज या दुकानात, उद्या त्या. खेळायला सोयीचे. उच्चाराचा भरवसा मात्र नाही. ‘रेशन’मधला ए वेगळा, ‘नोटरी’तला ए वेगळा, आणि खिळा एकच.

पाय दुखत होते, लवकर झोपलो.

१९ फेब्रुवारी

दहा अक्षरी शब्द अजून नाही. आय-टी-वाय शेपूट बाजूला काढून उरलेल्या सात अक्षरांशी झटलो : डी, आय, सी, ओ, एन, ए, आर. काही होत नाही. आय-ओ-एन शेपूट काढून पाहिलं, तेही नाही. मुलगा दाढी करता करता आरशातून बघतो आणि काही बोलत नाही, हे जास्त लागतं.

२२ फेब्रुवारी

संध्याकाळी नातीला क्लासवरून रिक्षाने आणत होतो. लक्ष्मी रस्त्याच्या वळणावर पुढच्या मोटारवाल्याने काही न दाखवता गाडी आडवी घातली. आमच्या रिक्षावाल्याने मान बाहेर काढून विचारलं, “इंडिकेटर काय शोभेला लावलाय का?” आणखीही काही विचारलं, ते लिहीत नाही.

नात गप्प झाली. मला वाटलं घाबरली. बोटं मोजत होती.

“आबा, डी एकच लागतो ना? आणि आय दोन?”

घरी येऊन चपला न काढताच डबा उघडला. आय, एन, डी, टक्कल पडलेला आय, सी, ए, टी, ओ, आर. नऊ! इतकी मोठी उडी आमच्यापैकी कुणीच मारली नव्हती. तिने फोटो काढून बाबाला पाठवायला फोन उचलला, आणि मी तळहात उघडून बघितला. एक खिळा उरला होता. वाय.

वाय शेवटी बसतो, हे मीच तिला शिकवलेलं. लावला.

“असा शब्द असतो?” तिने विचारलं.

चाळीस वर्षांत मी तो कधी जुळवला नाही. कोश काढला. इंडिकेटरच्या खालीच होता तो, इंडिकेटरी, दर्शक, सूचक. मुलगा ऑफिसातून आला, फूटपट्टीवरची ओळ त्याने उलटी वाचली आणि माझ्याकडे बघून नुसती मान हलवली.

“परीक्षेत परत ‘डिक्शनरी’ आला तर हाच लिही,” मी म्हटलं.

नात खिळे डब्यात टाकत होती. “नको आबा,” ती म्हणाली. “फुली मारतील.”